आधी स्वयंपाकघर, मग पाय

कराक, ७ सप्टेंबर

फिद्दा आत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं की माझा धंदा, ‘उंबरठा’, विकला. ते चुकीचं आहे. विकलेला नाही. अम्मानच्या एका मोठ्या कंपनीने विचारलं आहे आणि मी "बोलायला येते" एवढंच म्हटलं आहे. आनंदाच्या भरात पेन पुढे धावलं. तू हे कुणाला सांगितलं असशील असं वाटत नाही, पण शेजारच्या उम्म झैदला सांगितलं असलंस तर तिला खरं काय ते कळव. तिला कळलं की सगळ्या ऐन-हौर गावाला कळतं, आणि मग मला एकेकाला समजावत फिरावं लागेल.

मैस मला हसते. मैस म्हणजे माझी भागीदार. फोन, संगणक, गाड्या, कोणती नर्स कुठल्या घरी जाणार, हे सगळं ती बघते. ईदला माझ्याबरोबर आली होती, निळ्या कोटातली. तुझी कॉफी पिऊन जिला खोकला आला, तीच.

"चूक सुधारायला अख्खं पत्र?" ती म्हणाली. "अगं, ती पहिलंच वाचत नसेल. फोन तरी कुठे उचलते?"

पण अबू निमर मला सांगतो. त्याच्या बसने मी पत्रं पाठवते ते एवढ्याचसाठी, की संध्याकाळी परत आला की तो काहीतरी सांगतो. परवा म्हणाला, "घेतलं तिने. मला विचारते, ‘बस सोडून टपाल वाटायला लागलास का?’ मी म्हटलं, ‘भाडं नाही घेत हाज्जा.’ तर म्हणाली, ‘मग तुझा धंदा त्या पोरीच्या धंद्यापेक्षा बरा.’"

मला ते लागलं. आणि आवडलंही. तीन वर्षांनी तुझा टोमणा ऐकला.

मी सरकारी हॉस्पिटलातली नोकरी सोडून घरोघरी नर्सा पाठवायला उंबरठ्याची पाटी लावली त्या दिवशी तू म्हणालीस, "दुखण्यावर दुकान मांडलंस." तेव्हा मी गप्प बसले. मला घाईत उत्तर देता येत नाही हे तुला माहीत आहे. आता देते. मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात होते तेव्हा साखरेच्या आजाराचे पाय माझ्यापर्यंत यायचे ते कापायलाच. त्याआधी ते पाय घरी असायचे, झग्याखाली, आणि कुणी बघत नसायचं. तू बघायचीस, पण फक्त ऐन-हौरचे. तू आयुष्यभर कुणाकडून काही घेतलं नाहीस, म्हणून तुझ्या दोन हातांत जेवढे पाय मावले तेवढेच वाचले. मला जास्त हात हवे होते. हातांना पगार लागतो, आत्या. ज्यांना फी जमत नाही त्यांच्याकडून आम्ही घेत नाही, पण हे सांगून मला सुटायचं नाही. बाकीच्यांकडून घेतो.

अम्मानला जायला मी घाबरते आहे. बैठकीत काय घालू, हेसुद्धा ठरत नाही. मैस म्हणते, "नर्सचे बूट घाल. निदान पळता येईल."

तुझी अरीज

—

कराक, २८ सप्टेंबर

आत्या,

अम्मानची पहिली बैठक झाली. मालकांचा मुलगा राकान याच्याशी. वाईट माणूस नाही. मला आधी वाटलं होतं वाईट असेल, आणि तसा असता तर सोपं झालं असतं. त्याने आमचं सगळं काम नीट वाचलेलं होतं. भिंतीवर मोठ्या पडद्यावर आमच्या एका भेटीचे तुकडे पाडून दाखवले. प्रवास, जखम धुणं, मलमपट्टी, घरच्यांना समजावणं. मग एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे? इथे नुसतं ‘स्वयंपाकघर’ लिहिलंय."

"चहा," मी म्हटलं.

"कोण कुणाला देतं?"

"नर्स घरच्यांना देते."

त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे नर्स पेशंटच्या घरी जाते आणि स्वतः चहा करते. त्यांच्याकडे करायला कुणी नसतं?"

"बहुतेक वेळा तीन सुना असतात," मैस म्हणाली. मी तिला टेबलाखालून पाय मारला. लागला राकानला. त्याने पाय मागे घेतला आणि काही बोलला नाही. सभ्य आहे.

मग मी त्याला सांगितलं. वाकडंतिकडंच सांगितलं असेल. म्हटलं, पाहुण्याकडे पायाचा तळवा करून बसायचं नाही, हे तुम्हालाही लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलं असेल. त्याने मान हलवली. म्हटलं, जखम तळव्यालाच असते. बाहेरून नर्स आली आणि दिवाणखान्यात गादीवर बसली, की ती पाहुणी झाली. पाहुणीला कुठला म्हातारा तळवा दाखवेल? तो पाय पोटाशी घेतो, "देवाची कृपा आहे, बरा आहे" म्हणतो, कॉफी पाजतो, पुन्हा पाजतो आणि दारापर्यंत सोडायला येतो. त्याच पायावर चालत. पण जी बाई सरळ आत जाते, चहाचं भांडं शोधते, चहात टाकायची मरमियाची पानं कुठे ठेवलीत म्हणून ओरडून विचारते, ती पाहुणी राहत नाही. तिच्यासमोर पाय सोडता येतो. शिवाय साखरेचा डबा केवढा आहे तेही तिला दिसतं.

मी त्याला हाजी मुतलकांची गोष्टही सांगितली. सांगू का नको असं झालं होतं, कारण ती तुझी आहे. सरकारी डॉक्टर येऊन हात हलवत परत गेले होते. हाजी घोंगडीखाली पाय घेऊन ताठ बसलेले. तू त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. सरळ आत गेलीस आणि तिथून ओरडलीस, "मुतलक, बायकोने पुदिना कुठे लपवलाय?" ते बाहेरून ओरडले, "लपवला नाही, तुझ्या शेळीने खाल्ला." मग शेळीवरून किती वेळ भांडलात. तू चहा घेऊन जमिनीवर बसलीस आणि त्यांनी आपणहून पाय बाहेर काढला, शेळीबद्दल बोलता बोलता. मी पाण्याचं पातेलं धरून उभी होते. दम्यामुळे मला टेकडीपलीकडच्या शाळेत पाठवत नव्हते तेव्हाची गोष्ट. अलिफ-बा मी तुझ्या कापसाच्या पुड्यांच्या कागदावर शिकले आणि बाकी सगळं असं पातेलं धरून. त्या दिवशी मला वाटलं होतं, जखम शेळीच्या नावाने बरी होते.

राकान हसला. मग म्हणाला, "पहिल्या भेटीत समजू शकतो. दहाव्या भेटीत चहा कशाला?"

हा प्रश्न बरोबर होता. प्रामाणिकपणे सांगते, बरोबरच होता. आमच्या काही मुली दहाव्या भेटीला गप्पा मारत बसतात.

पण तो पुढे म्हणाला की चहा पूर्ण काढावा लागेल, आणि नर्सा अम्मानहून पाळीपाळीने पाठवता येतील, प्रत्येक गावात तिथलीच मुलगी शोधून शिकवत बसायला नको. आता सांग, परक्या गावची मुलगी कुणाच्या स्वयंपाकघरात कशी शिरणार? तिला तर अंगणातूनच ‘या, बसा’ म्हणतील.

माझी अडचण ही आहे. नाही विकलं तर उंबरठा कराकच्या डोंगरातच राहील. पुढे मआनला, मफरकला, खोऱ्यातल्या गावांना जायची आमची ताकद नाही, आणि तिथले पाय रोज कापले जात आहेत. विकलं आणि स्वयंपाकघर गेलं, तर आमच्या गाड्या सगळीकडे जातील आणि नर्सा दिवाणखान्यात कॉफी पिऊन परत येतील.

आणि तो नियम मुळात तुझा आहे. तो विकायचा हक्क मला आहे का, हे मी तुला विचारते आहे. नुसतं अबू निमरजवळ हो किंवा नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझी अरीज

—

कराक, १२ ऑक्टोबर

आत्या,

जमीदचे, वाळवलेल्या दह्याचे गोळे मिळाले. चिठ्ठी नव्हती. मी पिशवी उलटी करून पाहिली. मैस म्हणते जमीद हीच चिठ्ठी आहे, आणि तिने त्यातला एक नुसताच चोखून खाल्ला, अम्मानच्या लोकांना काही कळत नाही. ‘हो’ समजू का ‘नाही’ समजू, हे मला ठरवता आलेलं नाही.

अबू निमर म्हणतो, तू आता फाटकापर्यंत येत नाहीस. तो हॉर्न वाजवतो, तू खिडकीतून हात करतेस आणि त्याला पाकीट फाटकाच्या कडीला अडकवून जावं लागतं. पिशवी उम्म झैदने आणून दिली म्हणे. माझं पत्र घ्यायला चार पावलं चालायची नाहीत इतका राग असेल, तर तो तुझा अधिकार आहे. मी लिहिणं थांबवणार नाही, एवढंच.

ईदला तू मला दिवाणखान्यात बसवलंस ते मी अजून विसरले नाही. ज्या स्वयंपाकघरात मी रांगले त्याचं दार पुढे ओढलंस, पाठीला तक्क्या दिलास आणि म्हणालीस, ‘या, बसा. प्रवास कसा झाला?’ शिव्या दिल्या असत्यास तर मी बरी झोपले असते.

राकान म्हणाला, माझं-तुमचं जमत नाही, आता वडिलांशी बोला. ते मूळचे आपल्यासारखेच डोंगरातले, तफीलाकडचे. त्यांनी घरी बोलावलं आहे.

तुझी अरीज

—

अम्मान, २७ ऑक्टोबर

आत्या,

हे मी मैसच्या आईच्या घरून लिहिते आहे. बातमी चांगली आहे. पण क्रमाने सांगते, नाहीतर पुन्हा चुका होतील.

राकानच्या वडिलांचं घर मोठं आहे, पण दिवाणखाना आपल्याकडच्यासारखाच, भिंतीलगत गाद्या. ते, म्हणजे अबू राकान, ऑलिव्हबद्दल बोलत होते. यंदा झाडं कशी लागलीत, तोडायला माणसं कशी मिळत नाहीत. घरातला धाकटा म्हणून राकान स्वतः कॉफी ओतत होता. सूट घातलेला, डाव्या हातात कॉफीचा दल्ला, उजव्या हातात कप. त्याने पहिला कप मला दिला. मी तो घेतला आणि समोर ठेवला. प्यायले नाही.

हे आपोआप झालं असं लिहिणार होते. ते खरं नाही. गाडीतच ठरवलं होतं, फक्त मैसला सांगितलं नव्हतं. तिने मला थांबवलं असतं.

राकान म्हणाला, "थंड होतेय."

"होऊ दे."

"बदलून देऊ?"

"नको. हीच राहू दे."

त्याला खरंच कळलं नव्हतं. मैसला कळलं. तिने माझ्या कोपराला चिमटा काढला आणि ओठ न हलवता म्हणाली, "अरीज, वेडी झालीस का? हे पुरुषांचं असतं. तेही लग्न जमवायला."

अबू राकान झाडांबद्दलच्या वाक्याच्या मध्येच थांबले. कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग तक्क्यावरून उठून ताठ बसले.

"राकान, दल्ला खाली ठेव," ते म्हणाले. "आणि बस."

"का, काय झालं?"

"बस म्हटलं ना."

माझ्या छातीत असं धडधडत होतं की वाटलं, दमा परत आला.

"पोरी," अबू राकान म्हणाले, "मागणं मान्य होईपर्यंत प्यायची नाही म्हणून या खोलीत याआधीही लोकांनी असे कप खाली ठेवलेत. पण प्रत्येक वेळी खोलीभर मिशीवाले घेऊन आले होते. तुझे मिशीवाले कुठे आहेत?"

"मैस आहे," मी म्हटलं.

मैसला पुन्हा खोकला आला. आता तिला कॉफीची गरज लागत नाही.

ते हसले नाहीत, पण डोळे हसले. "बरं. कुणाचा हात मागायला आलीस?"

"हात नाही," मी म्हटलं. "पाय."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. हे मात्र आपोआप आलं.

"बोल," ते म्हणाले.

मी बोलले. म्हटलं, दोनच गोष्टी आहेत. गावातल्या घरात त्याच गावची मुलगी जाईल, मग तिला शिकवायला कितीही वेळ लागो. आणि पहिली भेट स्वयंपाकघरातून सुरू होईल, तिला घड्याळ लावायचं नाही. पुढच्या भेटी राकानसाहेब म्हणतात तशा आखा, त्यात त्यांचं बरोबर आहे आणि मी ते मानते. पण या दोन गोष्टी करारात हव्यात. तुम्ही उद्या कंपनी आणखी कुणाला विकलीत तर त्यालाही त्या मोडता येऊ नयेत.

राकान म्हणाला, "बाबा, चहा कुठे करारात लिहितात का?"

त्यांनी हात वर केला. मला विचारलं, "आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी ही कॉफी इथेच ठेवून उठेन." मी कपाकडे बोट दाखवलं. "मला ते आवडणार नाही. तुमच्याही घराला शोभणार नाही."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग माझ्याशी नाही, मुलाशी बोलायला लागले.

"तुझी आजी. मी अर्ध्या अम्मानच्या हॉस्पिटलांना नर्सा पुरवतो आणि दर शुक्रवारी तिच्याकडे जेवायला जायचो. मोठा माणूस झालो होतो ना, मला दिवाणखान्यात बसवायची. स्वतः समोर बसायची, पाय झग्याखाली घेऊन. मी म्हणायचो, ‘आई, बरी आहेस?’ म्हणायची, ‘देवाची कृपा.’ पाय कापायचा म्हणून डॉक्टरांनी सही मागितली तेव्हा मी तिचा तळवा पहिल्यांदा बघितला." मग म्हणाले, "एकदा जरी आत जाऊन चहा टाकला असता तरी."

राकानने मान खाली घातली. त्याला हे माहीत नव्हतं, असं वाटलं.

मग ते माझ्याकडे वळले. "कॉफी पी, पोरी."

मी प्यायले. थंडगार आणि कडू होती. इतकी चांगली कॉफी मी कुठे प्यायले नाही, तुझी सोडून.

"म्हणजे झालं?" राकान म्हणाला. "करार झाला?"

"झाला. आता वकिलांना कळव. त्यांना लिहायला वेळ लागतो."

बाहेर गाडीत बसल्यावर मैस आधी माझ्यावर ओरडली, मग रडली, मग तिने रस्त्यातल्या एका माणसाला काच खाली करून सांगितलं, "आम्ही जिंकलो." तो म्हणाला, "कुणाशी?" तिला सांगता येईना.

आत्या, तुझा पुदिना आता अकाबापासून मफरकपर्यंत जाणार आहे. दक्षिणेतल्या सगळ्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे राहील, तेही मागून घेतलं. तू अजून फाटकाशी येत नाहीस असं अबू निमर म्हणाला. रागावलीस तर रागाव. आज मला त्याचंही काही वाटत नाही. हे खोटं आहे, वाटतं. पण आज थोडं कमी.

तुझी अरीज

—

कराक, १३ नोव्हेंबर

आत्या,

मागच्या दोन पत्रांत मी लिहिलं की तू रागाने फाटकाशी येत नाहीस. तेही चुकीचं असणार. ते सुधारायला हे पत्र.

आज सकाळी अम्मानला सह्या झाल्या. या वेळी खरंच. वकिलाने सगळा करार मोठ्याने वाचला, आणि ‘पहिल्या भेटीत नर्स स्वतः चहा करील’ हे वाक्य आलं तेव्हा त्याने घसा साफ केला, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा वाचलं. राकान म्हणाला, "मरमिया घालून, असंही लिहा." वकिलाने लिहायला पेन उचललंसुद्धा. सगळे हसले. मी सही केली तेव्हा मैसने माझा फोटो काढला, त्यात मी चिंतेत दिसते. ती म्हणते सगळ्या फोटोंत दिसतेस, पण आजचं कारण मी तिला सांगितलं नव्हतं.

कारण हे. काल संध्याकाळी इब्तिसामचा फोन आला. ऐन-हौरची आमची नर्स, उम्म झैदची पुतणी, तुला माहीत आहे. ती तुझ्याकडे ऑलिव्ह तोडायला आली होती. सहज सांगत होती की यंदा झाडं भरलीत, गिरणीला रांग आहे, आणि फिद्दा आत्या सावलीत बसून फळं निवडत होत्या.

मी म्हटलं, "बसून?"

"हो, बसून. का?"

मी तुला ऑलिव्हच्या दिवसांत बसलेलं कधी पाहिलेलं नाही. तू शिडीवरून आम्हाला नावं ठेवायचीस. मी विचारलं, "पाय कसे होते?" ती म्हणाली, झग्याखाली. मोजे घातलेले, ऊन असूनही, एकावर एक दोन. "मी आत चहा करायला निघाले होते, तर म्हणाल्या, ‘तू बस, तू पाहुणी आहेस.’ मला वेगळंच वाटलं," इब्तिसाम म्हणाली.

तू चहातली साखर सोडलीस त्याला किती वर्षं झाली. हा आजार तुझ्यापर्यंत आलाय हे मला माहीत होतं, आणि तू स्वतःची काळजी घेत असशील असं मी धरून चालले, कारण तू तू आहेस. तू फाटकाशी येत नाहीस, खिडकीतून हात करतेस, पिशवी उम्म झैदबरोबर पाठवतेस. हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर मी त्याच दिवशी निघाले असते. तुझ्याबद्दल होतं, म्हणून मला वाटलं माझ्याबद्दल आहे.

काल लगेच निघणार होते. इब्तिसामला म्हटलं, तू आत्ता जा. ती गेली. तू दार उघडलंस, तिला दिवाणखान्यात बसवलंस, खजूर दिलेस आणि "देवाची कृपा" म्हणालीस. ताप नाही, चेहरा बरा आहे, एवढं तिने पाहिलं, म्हणून मी आजपर्यंत थांबले.

स्वयंपाकघराचा नियम तुझ्यावर चालायचा नाही हे मला कळतं. तो तूच शोधलास. मी आत शिरले तर का शिरले ते तुला उंबऱ्यापासूनच कळेल आणि तू दार पुढे ओढशील. म्हणून मी आत शिरणार नाही. मी पाहुणी म्हणूनच येते. तू ‘या, बसा’ म्हण, मी बसेन. तक्क्या दे, घेईन. प्रवास कसा झाला विचार, चांगला झाला म्हणेन. मग तू कॉफी ओतशील, कारण तुझ्या घरात पाहुणा कॉफीशिवाय बसलेला मी पाहिला नाही. मी तो कप समोर ठेवीन आणि पिणार नाही.

पाहुण्याचा तो हक्क आहे, आणि मला पाहुणी तूच केलंस.

माझं मागणं एकच आहे, ते तुला कळलंय. दोन्ही मोजे काढायचे. मी जमिनीवर बसेन, पातेलं या वेळी खाली ठेवू, दोन्ही हात मोकळे हवेत. काय दिसेल त्याला मी घाबरत नाही. म्हणजे घाबरते, पण वेळेत पाहिलेले पाय आम्ही वाचवले आहेत, पुष्कळ, तुझ्याच पद्धतीने, आणि तुझा पायही वाचवू. लागेल त्या डॉक्टरांपर्यंत नेईन. फीबद्दल तुला जे बोलायचं ते पट्टी बांधताना बोल, सगळं ऐकेन, हाजी मुतलक शेळीबद्दल बोलले तसं.

अबू राकाननी उद्या सगळ्यांना मनसफ जेवायला बोलावलं आहे, करार झाला म्हणून. मी म्हटलं, मला उद्या दुसरीकडे एक कप खाली ठेवायचा आहे. त्यांनी लगेच विचारलं, "मिशीवाले पाठवू का?" मी म्हटलं, नको, ही बाई मिशीवाल्यांना घाबरत नाही. मैस येते आहे, खोकल्याचं औषध घेऊन.

हे पत्र अबू निमर आज संध्याकाळच्या फेरीत आणेल. त्याला सांगितलं आहे की कडीला अडकवायचं नाही, दारापर्यंत जाऊन हातात द्यायचं. तू उठू नकोस.

पाणी उकळून निववून ठेव. मी दुपारच्या नमाजानंतर पोचते, उद्या, शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला.